स्फोट मोठा की जवळचा? गॅमा किरणांचं तीस वर्षांचं कोडं आणि कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा डोळ्यांनी वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.

आजचा विषय आकाशातला आहे, पण सुरुवात नदीपासून करू. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. वाईवरून खाली येते. साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. वाडीला लागूनच, पंचगंगेच्या पलीकडे, कुरुंदवाड आहे. जिल्हा कोल्हापूर, पण सांगली-मिरजेसारखंच हेही पटवर्धनांचं जुनं संस्थान. सांगलीच्या माणसाला ते परकं वाटत नाही.

आपल्या विषयाशी या नदीकाठाचा दोन ठिकाणी संबंध येतो. वाईला मराठी विश्वकोशाचं काम झालं. त्या विश्वकोशात सुपरनोव्हासाठी ‘अतिदीप्त नवतारा’ असा शब्द आहे. आणि कुरुंदवाडला ४ ऑक्टोबर १९५६ रोजी श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म झाला. शिक्षण हुबळीत, नंतर दिल्लीच्या आयआयटीत, आणि पीएचडी अमेरिकेत, बर्कलीला. लेखिका सुधा मूर्ती यांचे हे भाऊ. पण आज त्यांची ओळख आपण त्यांच्या कामातून करून घेणार आहोत. विश्वातले सगळ्यात प्रखर स्फोट नेमके कुठं होतात हे कोडं तीस वर्षं सुटत नव्हतं. ते सोडवणाऱ्या मंडळींमध्ये कुलकर्णी अगदी पुढं होते.

बॉम्ब शोधायला गेले आणि…

१९६३ साली अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या करायच्या नाहीत. करार झाला, पण विश्वास कुठं होता? समोरचा गुपचूप चाचणी करतोय का, हे बघायला अमेरिकेनं ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले. अणुस्फोट झाला की गॅमा किरण बाहेर पडतात. उपग्रहांनी ते टिपायचे, एवढंच काम.

२ जुलै १९६७ ला या उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक झटका टिपला. पण तो अणुबॉम्बसारखा दिसत नव्हता. पुढं असे आणखी झटके सापडले. एकाच झटक्याची नोंद वेगवेगळ्या उपग्रहांवर किंचित पुढेमागे झालेली असायची. त्या वेळेच्या फरकावरून झटका साधारण कोणत्या दिशेनं आला, हे काढता येत होतं. तो पृथ्वीकडून येत नव्हता आणि सूर्याकडूनही येत नव्हता. १९७३ मध्ये लॉस अलामॉसच्या क्लेबेसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन या तिघांनी असे १६ स्फोट जाहीर केले. जगाला पहिल्यांदा कळलं की आकाशात कुठंतरी, काही सेकंदांपुरतं, काहीतरी भयंकर पेटतं आणि विझतं.

आता प्रश्न सरळ होता. हे आहे तरी काय?

अंतर नाही, तर काहीच नाही

समजा, तुम्ही रात्री घरात बसलाय आणि बाहेर ‘धाड्’ आवाज आला. शेजारच्या पोरानं अंगणात फटाका लावला असेल. किंवा चार मैलांवरच्या खडीच्या खाणीत मोठा सुरुंग उडाला असेल. तुमच्या कानाला दोन्ही आवाज सारखेच वाटू शकतात. आवाज किती जोराचा ऐकू आला, एवढ्यावरून स्फोट किती मोठा होता हे सांगता येत नाही. त्यासाठी आधी तो किती लांब झाला हे कळायला हवं.

प्रकाशाचंही तसंच. अंतर दहापट वाढलं की उजेड शंभरपट कमी होतो. म्हणजे अंतराचा अंदाज दहापट चुकला, तर स्फोटाच्या ताकदीचा अंदाज शंभरपट चुकतो.

गॅमा किरणांच्या स्फोटांचं अंतरच कुणाला माहीत नव्हतं. ते आपल्या सूर्यमालेच्या आसपासही होत असतील, आपल्या आकाशगंगेतही, किंवा विश्वाच्या पार पलीकडच्या टोकालाही. म्हणून ज्याला जे सुचेल त्यानं ते मांडलं. न्यूट्रॉन ताऱ्यावर धूमकेतू आदळला, न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचाला तडा गेला, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. १९९४ मध्ये रॉबर्ट नेमिरॉफ या शास्त्रज्ञानं यादी केली, तर अशी शंभराहून जास्त मॉडेलं निघाली. शंभर मॉडेलं आणि एकही अंतर नाही! हुशार माणसांची वर्षानुवर्षं या गणितांत गेली होती आणि त्यातलं बहुतेक सगळं काम चुकीचं ठरणार होतं. फक्त कुणाचं, ते माहीत नव्हतं.

१९९१ मध्ये नासाची कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली. तिच्यावरच्या ‘बॅट्सी’ या उपकरणानं रोज साधारण एक, असे नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदवले. हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या तबकडीत होत असते, तर आकाशात ते आकाशगंगेच्या पट्ट्यावर गर्दी करून दिसले असते. कासच्या पठाराच्या बाजूला अमावास्येला गेलात तर तो धुरकट पट्टा तुम्हालाही दिसेल. पण स्फोट त्या पट्ट्याला जुमानतच नव्हते. आकाशभर सगळीकडे सारखे विखुरलेले होते.

तरी वाद मिटला नाही. २२ एप्रिल १९९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये जाहीर वादसभा झाली. बोहदान पाचिन्स्की म्हणाले, हे स्फोट कोट्यवधी प्रकाशवर्षांच्याही पलीकडचे, परक्या दीर्घिकांमधले. डॉन लॅम्ब म्हणाले, नाही, आपल्याच आकाशगंगेभोवती लाखो प्रकाशवर्षं पसरलेलं जे प्रभामंडळ आहे, त्यातले. अध्यक्ष होते मार्टिन रीस. या दोन उत्तरांमधला फरक बघा. ताकदीच्या हिशेबात तो कोट्यवधी पटींचा होता. निकाल लागला नाही, कारण पुराव्याशिवाय निकाल लागणार कसा?

मे १९९७

अडचण अशी होती की गॅमा किरणांच्या दुर्बिणींना स्फोटाची जागा नीट सांगता येत नव्हती. आकाशाचा एवढा मोठा तुकडा दाखवायच्या की त्यात हजारो तारे. आणि स्फोट तर काही सेकंदांत संपलेला.

मग आला ‘बेप्पोसॅक्स’ हा इटली आणि नेदरलँड्सचा उपग्रह. १९९६ मध्ये सोडलेला. याची खुबी ही की गॅमा किरणांचा स्फोट झाला की त्याच जागेचा क्ष-किरणांतला मागे रेंगाळणारा उजेड तो पकडायचा आणि काही तासांत नेमकी जागा कळवायचा. आग विझल्यावर निखारे धगधगत राहतात, तसा हा उजेड. इंग्रजीत त्याला आफ्टरग्लो म्हणतात, आपण ‘मागची धग’ म्हणू. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाची ही धग पहिल्यांदा सापडली, क्ष-किरणांतही आणि साध्या दुर्बिणीतही. पण अंतर हाती लागलं नाही.

८ मे १९९७ ला पुढचा स्फोट आला. नाव जीआरबी ९७०५०८. हे नाव म्हणजे नुसती तारीख असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कुलकर्णी तेव्हा कॅलटेकमध्ये प्राध्यापक होते. त्याआधीच त्यांच्या नावावर दोन मोठे शोध होते. १९८२ मध्ये डॉन बॅकर यांच्याबरोबर सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा पल्सार आणि १९९५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर ग्लीझ २२९ बी हा तपकिरी बटू. आता कॅलटेकच्या मंडळींनी, म्हणजे मार्क मेट्झगर, जॉर्ज जॉर्गोव्स्की, कुलकर्णी आणि त्यांच्या साथीदारांनी, हवाईमधली दहा मीटर आरशाची केक दुर्बीण त्या मंद होत चाललेल्या ठिपक्याकडे वळवली. ११ मेची रात्र. त्यांनी त्या ठिपक्याचा वर्णपट घेतला.

वर्णपट म्हणजे उजेड रंगांमध्ये फोडून बघणं. वाटेत वायू असला की तो ठरावीक रंग गिळतो आणि तिथं काळ्या रेघा पडतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या, जणू बारकोडच. त्या रात्री लोह आणि मॅग्नेशियमचा बारकोड ओळखू आला, पण तो जागेवरून सरकलेला होता. मॅग्नेशियमची जी रेघ प्रयोगशाळेत सुमारे २८० नॅनोमीटरवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागात असते, ती सुमारे ५१४ नॅनोमीटरवर, हिरव्या रंगात येऊन पोचली होती. प्रकाश प्रवासात असताना विश्व पसरत गेलं, त्याबरोबर प्रकाशाची लांबीही ताणली गेली. किती ताणली? १.८३५ पट. यावरून हिशेब निघाला, हा प्रकाश किमान ७०० कोटी वर्षं चालत आलाय. आपली पृथ्वी ४५० कोटी वर्षांची. म्हणजे तो निघाला तेव्हा पृथ्वीचा पत्ताही नव्हता.

एका वर्णपटानं तीस वर्षांचा वाद संपला. शंभरातली बहुतेक मॉडेलं त्या रात्री बाद झाली.

त्याच स्फोटातून रेडिओ लहरीही येत होत्या. डेल फ्रेल, कुलकर्णी आणि मंडळींनी पाहिलं की सुरुवातीचे काही आठवडे त्या लुकलुकत होत्या, मग लुकलुकणं कमी होत गेलं. तारे लुकलुकतात आणि ग्रह जवळजवळ लुकलुकत नाहीत, हे तुम्ही शाळेत शिकलाय. कारण तारा ठिपक्याएवढा दिसतो, ग्रहाला थोडा आकार असतो. इथंही तेच. लुकलुकणं थांबलं, म्हणजे ठिपका मोठा झाला. इतक्या दिवसांत इतका मोठा व्हायचा तर तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फुगला असला पाहिजे.

जवळचा पाहुणा

अंतर कळलं, पण स्फोटतं काय, हे अजून कळायचं होतं. त्याला मदत झाली ती जवळच्या एका अतिदीप्त नवताऱ्याची.

२५ एप्रिल १९९८ ला एक स्फोट झाला. तो ज्या दिशेनं आला तिथंच एसएन १९९८बीडब्ल्यू नावाचा नवीन अतिदीप्त नवतारा चमकत होता. अंतर फक्त १२ कोटी प्रकाशवर्षं. या हिशेबात हे शेजारचंच घर. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी त्याच्या रेडिओ लहरींचा अभ्यास केला आणि दाखवलं की त्यातलं काही द्रव्य जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं धावतंय. साध्या सुपरनोव्हात असं घडत नाही.

पण गंमत अशी की तो गॅमा किरणांचा स्फोट नेहमीपेक्षा हजारो पटींनी फिका होता. म्हणून अनेकांना शंका, हा निव्वळ योगायोग तर नसेल? ती शंका २९ मार्च २००३ ला मिटली. सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षांवर एक दणदणीत स्फोट झाला, आणि आठवड्याभरात त्याच्या विझत्या धगीतून सुपरनोव्हाचा वर्णपट हळूहळू वर आला. अगदी १९९८ च्या त्या पाहुण्यासारखाच. आता नातं पक्कं झालं. जास्त वेळ टिकणारे गॅमा किरणांचे स्फोट म्हणजे महाकाय ताऱ्यांचं मरण.

बल्ब की टॉर्च?

मधल्या काळात आणखी एक पेच पडला होता. २३ जानेवारी १९९९ चा स्फोट इतका प्रखर आणि इतका दूरचा होता की त्याची ऊर्जा मोजल्यावर आकडा आला, आपला अख्खा सूर्य शंभर टक्के ऊर्जेत बदलला तर जेवढी निघेल त्याहूनही जास्त. कुठलाही तारा हे करू शकत नाही.

म्हणजे मोजमाप चुकलं का? नाही. चुकलं होतं ते गृहीतक. आपण समजत होतो की प्रकाश बल्बसारखा चहूकडे जातोय. कुलकर्णी आणि मंडळींनी दाखवलं की धगीचा उजेड दोनेक दिवसांनी जास्त वेगानं उतरायला लागला, आणि झोत अरुंद असेल तर असंच व्हायला पाहिजे. म्हणजे हा बल्ब नव्हे, टॉर्च! सगळी ऊर्जा एका अरुंद झोतात, आणि तो झोत नेमका आपल्या तोंडावर. २००१ मध्ये फ्रेल, कुलकर्णी आणि साथीदारांनी बऱ्याच स्फोटांचा हिशेब या नजरेनं परत मांडला. एरवी हजारपट कमीजास्त दिसणाऱ्या ऊर्जा बऱ्याचशा एकाच पातळीला आल्या, साधारण सुपरनोव्हाच्या ऊर्जेइतक्या.

यातून आणखी एक गोष्ट ओघानं येते. एक टॉर्च आपल्याकडे वळलेली दिसते, तेव्हा दुसरीकडे तोंड केलेल्या शेकडो टॉर्च असतात. त्या आपल्याला दिसतच नाहीत.

मग मॉडेल काय सांगतं?

सूर्याच्या आठपटीहून जड तारा आयुष्यभर आपल्या पोटात मूलद्रव्यं शिजवतो. हायड्रोजनपासून हेलियम, पुढे कार्बन, ऑक्सिजन आणि शेवटी लोह. लोहापासून पुढे ऊर्जा मिळत नाही. चूल विझते. पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत काही किलोमीटरच्या गोळ्यात कोसळतो. बहुतेक ऊर्जा न्यूट्रिनो नावाचे कण घेऊन जातात. ही नुसती कल्पना नाही. २३ फेब्रुवारी १९८७ ला शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघात तारा फुटला, तेव्हा उजेड येण्याच्या काही तास आधी जपान, अमेरिका आणि रशियातल्या जमिनीखालच्या उपकरणांनी मिळून जवळपास २५ न्यूट्रिनो पकडले होते.

आता हाच तारा फार जड असेल, वेगानं फिरत असेल आणि त्यानं आपली हायड्रोजन-हेलियमची बाहेरची पांघरुणं आधीच टाकून दिलेली असतील, तर? स्टॅन वूझली यांनी १९९३ मध्ये मांडलेलं मॉडेल सांगतं की अशा वेळी गाभ्याचं कृष्णविवर होतं. फिरणारं द्रव्य सरळ आत न पडता त्याच्याभोवती तबकडी करून घिरट्या घालतं. आणि ताऱ्याच्या दोन्ही ध्रुवांकडून दोन झोत त्याचं पोट फाडून बाहेर पडतात. आपण झोताच्या समोर असलो तर गॅमा किरण दिसतात. झोत पुढे आजूबाजूच्या वायूवर आदळतो, त्याची मागची धग होते. ती आधी क्ष-किरणांत, मग दृश्य प्रकाशात, आणि सगळ्यात शेवटी, महिनोन्‌महिने, रेडिओत दिसते.

दोन सेकंदांपेक्षा कमी टिकणारे स्फोट वेगळ्या घरातले, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाल्याचे. १७ ऑगस्ट २०१७ ला गुरुत्वलहरींबरोबरच असा स्फोट दिसला आणि ते पक्कं झालं. पण ही दोन सेकंदांची रेघही काही दगडावरची नाही. डिसेंबर २०२१ मधला एक स्फोट पन्नासेक सेकंद चालला, तरी खुणा विलीनीकरणाच्याच होत्या. म्हणजे मॉडेलचं काम अजून चालू आहे.

आता रोज रात्री आणि आपल्याकडेही

कुलकर्णींनी पुढे शोधायची पद्धतच बदलली. स्फोट होण्याची वाट कशाला बघायची? रोज सगळं आकाश टिपा आणि काल नव्हतं ते आज काय दिसतंय, ते यंत्राला विचारा. या कल्पनेतून २००९ मध्ये अमेरिकेतल्या पालोमार डोंगरावर एक मोहीम सुरू झाली. २४ ऑगस्ट २०११ ला तिनं एम १०१ या दीर्घिकेत, २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवर, एका श्वेत बटूचा स्फोट पकडला, तोही फुटल्यावर काही तासांत. २०१८ पासून तिथंच ‘झेडटीएफ’ ही मोठी मोहीम चालू आहे. तिनं हजारो सुपरनोव्हा शोधलेत. तिच्या सूचना जगात कुणालाही बघता येतात. म्हणजे सांगलीच्या एखाद्या कॉलेजातल्या पोरीलासुद्धा. कुलकर्णींना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला, तो पल्सार, गॅमा किरणांचे स्फोट आणि सुपरनोव्हा अशा सगळ्या कामासाठी.

आपल्या महाराष्ट्रातही यातलं बरंच काही चालतं. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. २००३ च्या त्या स्फोटाची रेडिओतली धग तिथूनही मोजली गेली. पुण्याच्या आयुकात ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाच्या एका उपकरणाचं काम चालतं. इस्रोनं २०१५ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाच्या त्या एका उपकरणानं २०२३ अखेरपर्यंत सहाशे स्फोट नोंदवले.

काक्षी फुटला तर?

शेवटी तो प्रश्न, जो तुम्ही सगळे विचारता. मृग नक्षत्राच्या आकृतीत खांद्यावर तांबूस तारा दिसतो, काक्षी. २०१९ च्या शेवटी तो अचानक मंदावला, आणि ‘तारा फुटणार, पृथ्वी संपणार’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरले.

अशा वेळी पहिला प्रश्न तोच, जो १९६७ पासून ९७ पर्यंत अडला होता. किती लांब? काक्षी पाचशे ते सातशे प्रकाशवर्षांवर आहे. सुपरनोव्हा पृथ्वीला खरा धोका करायचा तर तो साधारण तीस-पन्नास प्रकाशवर्षांच्या आत हवा. आणि गॅमा किरणांचा झोत? काक्षी अजून हायड्रोजनचं जाडजूड पांघरूण घेऊन बसलाय. मॉडेल सांगतं तसा झोत अशा ताऱ्यातून बाहेर पडत नाही. पुढच्या लाखभर वर्षांत तो कधीतरी फुटेल. तेव्हा अर्ध्या चंद्राएवढा उजळ दिसेल, दिवसाही दिसेल, आणि मग विझेल.

याआधी जवळचे तारे फुटलेलेच नाहीत असं नाही. पॅसिफिक महासागराच्या तळाशी लोह-६० नावाचं किरणोत्सारी लोह सापडलंय. पृथ्वी जन्मली तेव्हाचं असतं तर ते केव्हाच संपलं असतं. ते वीस-तीस लाख वर्षांपूर्वी जवळच्या कुठल्यातरी सुपरनोव्हातून येऊन पडलंय. आपले पूर्वज त्यातून तरले.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी असा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याआधी दोनच गोष्टी विचारा. हे किती लांब आहे, आणि ते अंतर कुणी, कसं मोजलं? उत्तर नसेल तर बाकीचं सगळं मॉडेल नंबर एकशे एक समजा.

भेटू पुढच्या भागात. तोवर आकाश निरभ्र असलं की गच्चीवर जा.